सांजवारा डॉट कॉम

“नाव घेतलंय कुणीतरी,” कॉम्प्युटरवरची नजर न काढता पल्लवी म्हणाली. “आपल्या आधीच.”

मी कूलरच्या वाळ्याच्या ताटीला सुतळी आवळत होते. सुतळीचं टोक दातात होतं, म्हणून नुसतं “हं?” केलं.

“सांजवारा डॉट कॉम. मिळत नाहीये. दुसऱ्याच्या नावावर आहे.”

“असं कसं असेल? सांजवारा आपला आहे.”

अकोल्याच्या एमआयडीसीत आमचा कूलरचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, एका बाजूला पत्रा वाकवायचं मशीन, मागे रंगाची खोली आणि पुढे काचेची केबिन. आमच्या कूलरचं नाव सांजवारा. अकोल्यात, वाशीमला, अमरावतीला रिक्षांच्या पाठीवर आमच्या पाट्या होत्या. नाव रीतसर ट्रेडमार्क म्हणून नोंदवलेलं. त्याचं सर्टिफिकेट केबिनमध्ये लक्ष्मीच्या शेजारी टांगलेलं होतं आणि रोजची उदबत्ती दोघांना मिळून एकच लागायची.

त्या वर्षी रायपूरचे एक मोठे व्यापारी आमचा माल सगळ्या छत्तीसगडमध्ये विकायला तयार झाले होते. त्यांची अट एकच होती. कूलरच्या नावाची वेबसाइट हवी, खोक्यावर ठळक छापायची. पल्लवी, आमची मुलगी, तेव्हा अकरावीला होती. तिनं ते काम अंगावर घेतलं होतं.

“कुणाच्या नावावर आहे ते कळतं का?” मी विचारलं.

“कळतं ना. हे बघ. वासंती ठोसर. अमरावती.”

दारात हे उभे होते. हे म्हणजे माझे मालक, दिगंबर गावंडे. हातात पाण्याचा ग्लास होता. तो ओठाशी गेला आणि तिथंच थांबला. मग पाणी न पिताच त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला.

“जाऊ दे,” ते म्हणाले. “पुढंमागं काहीतरी लावून दुसरं नाव घे.”

एवढ्या वर्षांच्या संसारात मी यांच्या तोंडून ‘जाऊ दे’ ऐकलं नव्हतं. भंगारवाल्याशी पावशेर पत्र्यावरून अर्धा तास भांडणारा हा माणूस.

“कोण आहे ही बाई?” मी विचारलं.

“मला काय माहीत?”

“मग पाणी प्यायचं काऊन राहिलं?”

ते रंगाच्या खोलीकडे निघून गेले. तिथं त्या वेळी काही काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी जठारपेठेत नणंदेकडे गेले. शकूताई यांच्यापेक्षा मोठ्या. पोटात काही ठेवायची त्यांना सवय नव्हती, म्हणून मी आडून विचारलंच नाही. नाव घेतलं.

“ठोसरायची वासंती?” त्या सूप खाली ठेवत म्हणाल्या. “अवं, ते तं याच्यासंगं पॉलिटेक्निकले होती. लय हुशार पोरगी. आपल्या घरी यायची. दोघं अंगणात पत्रे ठोकत बसायचे. माय म्हणे, पोरगी आहे का लोहार?”

“मग?”

“मंग काय? परीक्षा झाली, तिच्या बापानं तिले अमरावतीले नेलं. पुढच्या साली तुहं लग्न झालं. तुले सांगतलं नाही का यानं?”

“सांगितलं असेल. लक्षात नाही माझ्या,” मी म्हणाले आणि चहा अर्धा टाकून उठले.

वाटेत रिक्षाच्या पाठीवर आमचीच पाटी होती. सांजवारा, अस्सल वाळ्याची थंडाई. घर येईपर्यंत ती पाटी माझ्यापुढे हलत राहिली.

या नावाची गोष्ट आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकानं ऐकलेली होती. हे सांगत, एके संध्याकाळी गच्चीवर बसलो होतो, दिवसभर भट्टीसारखं तापलेलं, आणि एकदम वारा सुटला. झालं. नाव तिथंच सुचलं. डीलर आले की ही गोष्ट, बँकेचे साहेब आले की ही गोष्ट. मी चहाचा ट्रे घेऊन उभी असायची आणि दर वेळी मला बरं वाटायचं. त्या गच्चीवर मी नव्हते हे ठाऊक होतं, तरी ती गच्ची मला आपली वाटायची. आता तिथं एक मुलगी येऊन बसली. तिच्या दोन वेण्या होत्या, रंग उजळ होता, आणि वारा सुटल्यावर ती हसत होती. मी तिला पाहिलंही नव्हतं. स्वयंपाक करताना, ताट्या बांधताना, अंथरुणावर पडल्यावर ती मुलगी हसतच होती.

मी काही कमी केलं नव्हतं. लग्न झालं तेव्हा कारखाना नव्हता, भाड्याच्या घराचं अंगण होतं. हे पत्रा कापत, मी ताट्या बांधी. वाळा ओला असताना बांधला तर सुकून सैल पडतो, फार सुका बांधला तर मोडतो. हे मी चुकत चुकत शिकले होते. वाळ्याच्या काड्यांनी बोटं चिरायची, भाजीला मीठ लावताना डोळ्यात पाणी यायचं. पल्लवीच्या वेळी सातव्या महिन्यातही मी पाटावर बसून ताट्या केल्या. आणि त्या सगळ्याला नाव दिलं होतं तिनं?

तिनं दिलं असेल हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. पण मत्सराला पुरावा लागत नाही.

“वकिलाकडे जाऊ,” मी यांना म्हटलं. “आपलं नाव अडवून बसली आहे. चोरी आहे ही.”

“कशाला वाढवतेस? बाईमाणूस आहे.”

“तुम्हाला कसं ठाऊक कशी आहे ते? ओळखत नाही म्हणालात ना?”

यावर त्यांना वकिलाकडे यावंच लागलं.

हेडा वकील आमची सगळी कामं बघत. ट्रेडमार्क त्यांनीच करून दिला होता. त्यांनी कागद पाहिले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “नाव परत मिळेल. परदेशात एक संस्था आहे, तिच्याकडे तक्रार करायची. ट्रेडमार्क आपला, डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, तिनं नंतर घेतलं, वापरतही नाही. वाईट हेतूनं घेतलं एवढं दाखवलं की नाव आपल्याकडे.”

“आणि तिला शिक्षा काय?”

“शिक्षा नाही, वहिनी. नाव काढून घेतात.”

“बस? उद्या कुणी माझ्या गळ्यातली पोत ओढली आणि पकडल्यावर परत दिली, तर त्याला घरी जा म्हणता का?”

हेडा हसले. “अमेरिकेत दंड आहे, मोठा आहे. आपल्याकडे यासाठी वेगळा कायदा नाही. कोर्टात नुकसानभरपाई मागता येते, पण वर्षं जातात.”

“मग असायला पाहिजे कायदा. नाव चोरणाऱ्याला आत टाकायला पाहिजे.”

“तसं सरसकट करता येत नाही ना. कुणाचं आडनावच तसं असतं, कुणाचं गाव. कुणी आपल्या पोरीच्या नावानं साइट घेतो आणि त्याच नावाचा कुठंतरी साबण निघतो. मग साबणवाल्याच्या वकिलानं त्याला तुरुंगाची नोटीस पाठवायची? मोठ्या कंपन्यांना आवडेल असा कायदा. चोर कोण हे आधी ठरायला हवं.”

“इथं ठरलेलंच आहे,” मी म्हणाले.

यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

नोटीस गेली. त्या बाईनं उत्तर लिहिलं नाही. हेडांना फोन केला, मी येते म्हणाली, समोर बसून बोलू.

भेटीच्या आदल्या दिवशी हेडांनी आम्हाला बोलावून घेतलं. “एक लक्षात ठेवा,” ते म्हणाले. “मी तिला विचारीन, किती पैसे घेऊन नाव द्याल? तिनं आकडा उच्चारला की आपलं काम झालं. विकण्यासाठीच नाव अडवलं हे सिद्ध होतं. माझ्या ज्युनिअर बाई शब्दन् शब्द लिहून घेतील. तुम्ही दोघं फक्त गप्प बसा.”

त्या दिवशी मी आमच्या लग्नाच्या वाढदिवसाची साडी नेसले. गजरासुद्धा घातला. हे माझ्याकडे बघून म्हणाले, “वकिलाकडे जायचं आहे ना?” मी म्हटलं, “मग? लुगड्यावर येऊ का?”

वासंती ठोसर एसटीनं आली होती. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, केस निम्मे पांढरे आणि न रंगवलेले. अंगानं माझ्याइतकीच सुटलेली. महिनाभर जिला मी वेण्या घालून हसवत होते, ती मुलगी दारातून आलीच नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटतही होतं. तेवढ्यात ती यांच्याकडे बघून म्हणाली, “दिगू, किती जाड झालास रे!”

दिगू. सासूबाई गेल्यापासून या नावानं यांना कुणी हाक मारली नव्हती. मी तर आयुष्यात कधी यांचं नाव घेतलं नव्हतं, उखाण्यात घेतलं तेवढंच. आणि ही बाई वकिलाच्या ऑफिसात उभी राहून अरेतुरे करत होती.

हेडांनी चहा मागवला, प्रवासाची चौकशी केली, मग कामाला हात घातला.

“हे डोमेन तुम्ही कधी घेतलं, मॅडम?”

“झाली काही वर्षं. मी मुलींच्या पॉलिटेक्निकला शिकवते. इंटरनेटवर नाव कसं नोंदवतात ते वर्गात दाखवत होते. उदाहरण म्हणून काहीतरी टाकायचं, तर हेच टाकलं. मोकळं होतं. घेऊन टाकलं.”

“हा नोंदवलेला ट्रेडमार्क आहे, हे ठाऊक होतं?”

“ठाऊक होतं की. रोज रिक्षामागे वाचत होते.”

ज्युनिअर बाईंचं पेन भराभर चाललं होतं. हेडांचा आवाज एकदम मऊ झाला.

“बघा, कोर्टकचेऱ्या कुणालाच नको असतात. आपण आपसात मिटवू. तुमची अपेक्षा सांगा. नुसता आकडा सांगा, बाकी मी यांना समजावतो.”

“आकडा?” ती गोंधळली. मग यांच्याकडे वळली. “तू सांग ना दिगू. काय किंमत करायची या नावाची?”

मी यांच्याकडे पाहिलं. त्यांना फक्त गप्प बसायचं होतं, तसं ठरलं होतं. पण ते पुढे झुकले.

“तूच सांग, वासंती,” ते म्हणाले. “तू म्हणशील ते. तुला मी नाही म्हटलंय का कधी?”

यांचा तिच्याशी बोलतानाचा आवाज कसा असेल, यावर मी महिनाभर जीव जाळला होता. आता ऐकला. हा आवाज मला पाठ होता. भंगारवाल्याला चहा पाजून भाव पाडताना हाच आवाज लागायचा. आपल्या शब्दानं ती सापळ्यात पाय टाकेल हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून तो शब्द त्यांनी इतक्या गोडीनं पुढे केला होता.

“बरं, तूच म्हणतोस तर...” ती हसून म्हणाली.

“थांबा,” मी म्हणाले. “आकडा सांगू नका. सांगितला की त्यावरच तुम्हाला धरणार आहेत.”

ज्युनिअर बाईंचं पेन थांबलं. हेडांनी डोळे मिटून घेतले.

“तू मधे पडू नको,” हे म्हणाले.

“हे नाव कोणी ठेवलं?” मी यांना विचारलं.

हे पंख्याकडे बघत बसले. उत्तर तिनं दिलं.

“आमचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता. दोघांचा मिळून. कूलर करायचा ठरलं. पत्रा, पंखा, ठोकाठोक सगळी त्याची. हाताला फार चांगला होता तो. ताटीवर पाणी सोडणाऱ्या वरच्या पन्हळीची भोकं बाजूनं पाडायची कल्पना माझी. खालून पाडली की पाणी एकाच जागी गळायचं. आणि नाव माझं.”

पन्हळीची बाजूची भोकं हा आमच्या कूलरचा सगळ्यात मोठा गुण. डीलरपुढे हे त्यावर बोट फिरवून दाखवत आणि म्हणत, हे माझं डोकं.

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?” मी विचारलं.

“कुणाशी बोलणार? वडिलांनी घाईनं अमरावतीला नेलं. लग्न ठरलं, मोडलं. मग शिकवायला लागले. एक दिवस चौकात रिक्षाच्या पाठीवर सांजवारा वाचलं. खरं सांगते, आधी आनंदच झाला, दिगूनं केलं म्हणून. मग वाटलं, एक फोन तरी करायचा होता यानं.”

“मग आता तुम्हाला काय हवंय?”

“माझं नाव हवंय,” ती म्हणाली. “तुमची वेबसाइट होईल ना, तिच्यावर कुठंतरी लिहा, की हे नाव हिनं ठेवलं आणि पहिला कूलर दोघांनी केला. डोमेन आजच लिहून देते. पैसे नकोत.”

तिनं हे अगदी सहज मागितलं. पाहुण्यानं पाणी मागावं तसं.

मी खरी जळले ती त्या वेळी. तिनं नवरा मागितला असता तर मी भांडले असते, पैसे मागितले असते तर घासाघीस केली असती. तिनं स्वतःचं नाव मागितलं. वकिलासमोर, न लाजता. एका उन्हाळ्याच्या कामावर तिचा एवढा हक्क होता. माझ्या हातातून हजारो ताट्या गेल्या होत्या. फर्ममध्ये भागीदार हे आणि धाकटे भाऊजी, सर्टिफिकेटवर हे, बँकेत हे. मागायचं असतं, मागता येतं, हेच माझ्या कधी मनात आलं नव्हतं. आणि ही बाई माझ्यासमोर बसून ते मागत होती. तिच्या वेण्यांचा, तिच्या हसण्याचा हेवा मी केला होता तो यापुढे काहीच नव्हता.

हेडांनी कागद ओढला. “तर मग, पहिला नमुना दिगंबर गावंडे आणि वासंती ठोसर यांनी...”

“ताट्या कोण करतं हो?” वासंतीबाईंनी मधेच विचारलं. “आम्हाला ताट्या जमल्याच नव्हत्या. परीक्षक बघत असतानाच आमची ताटी वाकली होती. तुमच्या कूलरची अजिबात वाकत नाही. मी मुद्दाम दुकानात जाऊन हात लावून बघितलीय.”

“मी करते,” मी म्हणाले. “आता बायका ठेवल्या आहेत, पण शिकवलं मी.”

“मग तुमचंही लिहायला पाहिजे. नाव काय तुमचं?”

हेडा पेन धरून माझ्याकडे बघू लागले. आमच्या कितीतरी कागदांवर त्यांनी सह्या घेतल्या होत्या, आमच्या घरी जेवून गेले होते. माझं नाव त्यांना माहीत नव्हतं. मी वहिनी होते.

“द्वारका,” मी म्हणाले. मग पूर्ण सांगितलं. “द्वारका गावंडे.”

“अगं, घरच्या बायकांची नावं अशी कंपनीच्या...” यांनी सुरुवात केली.

“नको असतील तर राहू द्या,” मी म्हणाले. “डोमेन बाईचंच आहे. राहील तिच्याकडे.”

यांनी हेडांना लिहा अशी खूण केली. रायपूरचा फोन रोज येत होता.

कागद झाला, सह्या झाल्या. वासंतीबाई बसच्या वेळेला निघून गेल्या. जाताना यांच्याकडे न बघता माझ्या हातावर हात ठेवून गेल्या. आम्ही उठलो तेव्हा हेडा मला म्हणाले, “वहिनी, तुम्ही म्हणत होता तसा कायदा असता, तर ही बाई आज आरोपी असती.”

“हो,” मी म्हणाले. “आणि फिर्याद माझीच असती.”

आठेक दिवसांनी जेवताना मी यांना एकच विचारलं. “का हो, त्या संध्याकाळी गच्चीवर दोघं होता का?”

यांनी घास खाली ठेवला. “गच्ची नव्हती,” ते म्हणाले. “पॉलिटेक्निकची मागची पायरी होती.”

त्यानंतर त्यांनी ती गोष्ट कुणालाही सांगितली नाही. पॉलिटेक्निकच्या रस्त्यानं जायची वेळ आली की मी अजूनही दुसरीकडे बघते. वासंतीबाईंशी मी पुढे चांगलं बोलत राहिले, संक्रांतीला त्यांना तिळगूळही पाठवते, पण ती पायरी काही मला आवडत नाही.

वेबसाइट एप्रिलात सुरू झाली. पल्लवीनं तिन्ही नावं एकाखाली एक टाकली आणि माझा पाटावर बसून ताटी बांधतानाचा फोटो लावला. रायपूरची पहिली गाडी भरून गेली.

मे महिन्यात एका दुपारी केबिनमधला फोन वाजला. यांनी उचलला. मी बाहेर बायकांना ताटीची कडा दाखवत होते.

“कोण? द्वारका?” हे म्हणाले. “अशी इथं कुणी...” मग थांबले. “आहेत. बोलावतो.”

दुर्गहून एका बाईंचा फोन होता. त्यांनी वेबसाइट पाहिली होती. त्यांच्या गावाकडे वाळा होतो, ताट्या शिकवाल का, मी चार बायका घेऊन येते, म्हणत होत्या. वाळा कुठल्या महिन्यात काढता, किती सुकवता, मी विचारत गेले, त्या सांगत गेल्या. कशावरून तरी आम्ही दोघी मोठ्यानं हसलो.

हे टेबलाजवळ उभेच होते. पेपरवेट उचलायचे, ठेवायचे. “कोण आहे? काय म्हणते? तुलाच कशाला पाहिजे?” असं खुणेनं विचारत होते. मी हातानं थांबा म्हटलं आणि बोलत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते ओळखायला मला वेळ लागला नाही. सबंध मार्च महिना मी तेच उराशी घेऊन फिरले होते.